त्या क्लिपमधला तुझा शब्द

सुजाता, मी ती क्लिप पाहिली.

तीस वर्षं तू मला पडद्याकडे बघ म्हणत होतीस आणि मारामारी सुरू झाली की मी ओढणी डोळ्यांवर घेत होते. "कुंदे, हात काढ वं डोळ्यावरचा," असं तू भर हॉलमध्ये ओरडायचीस. आता पाहिली. एकदा नाही, एका बैठकीत नऊ वेळा. पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, भर दुपारी, संगणकासमोर खुर्ची ओढून. शेवटच्या दोन वेळा तर मीच म्हटलं, पुन्हा लावा.

तुला जाऊन आज वीस दिवस झाले. विहारात पुण्यानुमोदन झालं. लोक तुझ्याबद्दल भरभरून बोलले. किती हुशार होतीस, किती मुलींना शिकवलंस, बिरशाच्या शाळेपासून बालाघाटच्या कॉलेजपर्यंत कशी आलीस. मला माइक दिला तेव्हा मी मान हलवली आणि तो पुढे दिला. मला तुझं कौतुक करायचं नव्हतं, तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे.

त्या रविवारी मी हॉलमधून उठून गेले, ती आपली शेवटची भेट. दर रविवारी चार वाजता विहाराच्या मागच्या हॉलमध्ये तू सिनेमे दाखवायचीस. दाखवायचीस कसली, वाचायचीस. दहा मिनिटं चालवायचीस आणि थांबवायचीस. कोण कुठल्या भाषेत बोललं, कॅमेरा कुठे उभा होता, कोणाचं तोंड जवळून दाखवलं आणि कोणाची नुसती पाठ. वारासिवनीचा कैलास प्रोजेक्टर आणायचा. लग्नांचे व्हिडिओ काढणारा, दोन मुलींचा बाप. सगळ्यांत पुढे बसून तोच सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायचा. "याची फ्रेम पक्की आहे," असं तू त्याच्याबद्दल मला किती वेळा सांगितलंस.

त्या रविवारी सिनेमा नव्हता. सगळ्यांच्या फोनवर फिरणारी ती एक क्लिप तू चादरीवर लावलीस. एक बाई पोत्यात मूल घालून नेते आहे, वरून माणसाचा आवाज, "सावधान! ये औरतें अपने इलाके में घूम रही हैं." तू थांबवलंस. "अपने इलाके म्हंजे कोणता? त्यानं गावाचं नाव काहून नाही घेतलं?" मग तूच सांगितलंस, "नाव घेतलं असतं तर त्याच गावचे लोक भ्यायले असते. आता बैहरवाला म्हणते बैहर, बिरशाचा म्हणते बिरसा. रिकामी जागा सोडली त्यानं, तुम्ही भरून राह्यले." मग मागच्या दुकानाच्या पाटीवर बोट ठेवलंस. ती लिपी आपल्याकडची नव्हतीच. आणि पोतं उचलण्याआधीचा एक तुकडा कापलेला होता. बाई एका पायरीवरून अचानक तिसऱ्या पायरीवर जात होती.

सगळं बरोबर होतं. तरी मी उभी राहिले आणि म्हटलं, "तू खोटं आहे म्हणून सांगून राह्यली, पण दाखवून तर राह्यली ना? ज्यानं नव्हती पाहिली त्यानं आज पाहिली."

"न पाहता कसं सांगू?"

"नको सांगू मग."

"कुंदा, तू डोळे झाकते म्हणून ते थांबत नाही."

मी चप्पल घातली आणि निघून आले. पुढच्या तीन दिवसांत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. चौथा दिवस गुरुवार होता.

मी अशी का आहे, ते तुला माहीत होतं. कोर्टात अठ्ठावीस वर्षं मी हिंदीतली बयानं, लोकांचे जबाब, टाईप करते. कुऱ्हाडीचा घाव किती खोल, रॉकेल कुठून ओतलं, पोरगी विहिरीत पडली की टाकली. साहेब बोलतात, माझी बोटं चालतात. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तेच पडद्यावर कशाला बघायचं? पण तू एकदा माझ्या घरी आलीस आणि मी सवयीनं काहीतरी सांगत होते, "अमुक गावात मारपीट झाली." तू चहाचा कप खाली ठेवलास. "झाली म्हंजे? पाऊस झाला तशी मारपीट झाली? कोणी केली?" त्या दिवसापासून टाईप करताना मला 'मारपीट की गई' हे शब्द टोचायला लागले. मारणारा त्या वाक्यातून पळून गेलेला असतो. मी ते बदलू शकत नव्हते, पण मला ते दिसायला लागलं, ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपण नुसत्या भांडत राहिलो.

ते दुधाचं भांडण आठवतं तुला? नवरा बायकोला पट्ट्यानं मारतो. पहिला फटका दिसतो, मग कॅमेरा चुलीवरच्या दुधावर जातो. दूध उतू जातं, मागून पट्ट्याचे आवाज येत राहतात. तू विचारलंस, "दूध काहून दाखवलं?" एक मास्तर म्हणाले, राग उतू गेला. "कोणाचा राग?" नवऱ्याचा. "मग मार बसला तिले आणि सीन झाला त्याचा. खरं सांगा, तुम्हाले कीव कोणाची आली?" शिवणकाम करणाऱ्या एक बाई मागून हळूच बोलल्या, "मॅडम, दुधाची आली. अख्खं दूध वाया गेलं." सगळे हसले.

मी म्हटलं, मग काय, तिची फुटलेली पाठ दाखवायची? तू म्हणालीस, हौ, पाठ दाखवायची. मी म्हटलं, मी रोज पाठी टाईप करते, सुजाता. त्यावर तू माझा हात धरलास.

आणि दुसरा तो, जमावाचा सीन. हीरो बैलगाडीवर चढतो, भाषण करतो, शंभर माणसांच्या हातातल्या काठ्या गळून पडतात. कॅमेरा जमिनीपाशी, हीरो आभाळाला टेकलेला. तुला हसू आवरेना. मी म्हटलं, माझ्या फायलींत असा जमाव एकदाही आला नाही. डोळे पुसत तू म्हणालीस, "येणार पण नाही. मारायले निघालेल्या गर्दीले कान नसतात."

हे तूच म्हणालीस. मग तू बसमधून का उतरलीस?

बैहरच्या एका शाळेत पोरांना त्या पोत्याच्या क्लिपबद्दलच सांगायला तू गेली होतीस. परत येताना रस्त्यावरच्या एका गावचा बाजार होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. रस्ता लोकांनी भरलेला, बस थांबली. कंडक्टर पुण्यानुमोदनाला आला होता. हातात टोपी पिळत माझ्याजवळ उभा राहिला.

"मैडम खिड़की से देख रही थीं. बोलीं, ये लोग किसको मार रहे हैं? मैंने बोला, बच्चा चोर पकड़ी है. बस, उठ गईं. मैंने बोला मत उतरो. बोलीं, दो मिनट रुको, अभी आई."

"आणि तुम्ही थांबले?" मी विचारलं.

"रुका था दीदी. फिर पत्थर आने लगे. काँच फूट गया. सवारी चिल्लाने लगी. मैंने गाड़ी बढ़वा दी." तो रडायला लागला. मी त्याला धीर दिला नाही.

दवाखान्यात तुला ओळखायला मला बोलावलं. डावा कान जवळजवळ उरलाच नव्हता. डोळ्यावरचं हाड आत गेलेलं. उजव्या हाताची तीन बोटं उलटी वळलेली, तू डोकं झाकलं असशील त्यावर फटके बसलेले. अशी वर्णनं मी हजार वेळा टाईप केली आहेत. 'कठोर एवं बोथरी वस्तु से.' पण तुझ्या पायांत जोडवी नाहीत, उजव्या टाचेला ती जुनी भेग आहे, हे कुठल्याच कागदात नव्हतं. त्यावरून ओळखलं. चेहऱ्यावरून नाही.

मग तुझ्या मरणाची ती क्लिप आली. तू पडलीस त्याच संध्याकाळी ती बालाघाटच्या निम्म्या फोनांवर होती. माझ्याही आली, मी न उघडता पुसली. आठवड्यानं ठाण्यातून बोलावणं आलं. चौकशी करणारा दरोगा तरुण आहे, तुझ्यासमोर बसला असता तर तुला आवडला असता. म्हणाला, "दीदी, आप उनके साथ फिल्में देखती थीं. सब कहते हैं आप लोग आवाज़-बोली सब पकड़ लेते थे. एक बार देख लीजिए."

मी सांगितलं, त्या पकडायच्या, मी नाही. तरी बसले.

पहिली फ्रेम जमिनीची आहे. उलटी झालेली टोपली, सांडलेली चारोळी, एक प्लास्टिकची चप्पल. क्लिप मधूनच सुरू होते. तू पहिला प्रश्न हाच विचारला असतास, याच्या आधी काय होतं? मग कॅमेरा उचलला जातो. एक म्हातारी जमिनीवर, गुडघे पोटाशी. भोवती पायच पाय. डावीकडून तू येतेस. मोहरी रंगाची साडी, खांद्याला शाळेची बॅग. तू कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकतेस, तिच्या तोंडापाशी कान नेतेस. वीसेक सेकंद तशीच वाकलेली. मग उभी राहतेस आणि वर्गात बोलायचीस त्याच आवाजात बोलतेस, "पहले मेरी बात सुनो. वो वीडियो झूठा है."

कोणी तरी ओरडतं, "ये भी मिली हुई है!"

बांबू खांद्यावर बसतो. बॅग पडते. दुसरा कानामागे. तू पडत नाहीस, हात पसरून म्हातारीच्या पुढे उभी राहतेस. निळ्या चौकटीच्या शर्टातला एक माणूस बाहीनं नाक पुसतो आणि मग काठी उचलतो, इतका सावकाश, जणू शेतावर काम करतो आहे. एक बाई तुझे केस धरते. साडीवरचं रक्त क्लिपमध्ये काळं दिसतं. "मारो, मारो," एवढा एकच गलका. आणि त्यात तुझा आवाज. सगळ्यांच्या वर. "मारो!" थोड्या वेळानं पुन्हा, "मारो!"

मग तू खाली जातेस. समोर कोणाची तरी पाठ येते, तू दिसेनाशी होतेस. आणि फोनच्या अगदी जवळून एक आवाज येतो. रागावलेला नाही, ओरडलेला नाही. अगदी अदबीनं.

"भाऊ, जरा बाजूले सरका ना."

ती पाठ बाजूला होते. आता सगळं नीट दिसतं. पुढचं दीड मिनिट कॅमेरा हलत नाही.

दरोग्यानं थांबवलं. "दीदी, ये कौन सी बोली है?"

"आमची," मी म्हटलं. मग हिंदीत सांगितलं, "हमारी है. और आदमी को मैं जानती हूँ."

मी कैलासचं नाव दिलं. खाली सही केली. त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं, फोन जप्त केला, बयान घेतलं आणि सोडलं.

पण सुजाता, घरी येताना मला कैलासपेक्षा तुझा राग जास्त आला होता. दरोग्याच्या कागदावर मी वाचलं होतं, 'मृतका द्वारा भी मारो-मारो बोला जाना सुनाई देता है.' म्हणजे शेवटी तू तेच केलंस? छाती पुढे काढून, मारो मुझे मारो? जे संवाद ऐकून तू पोट धरून हसायचीस, तोच तुझ्या तोंडात आला? रस्ताभर मी तुझ्याशी भांडत आले. वैनगंगेच्या पुलावर उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, "मूर्ख आहेस तू." बाजूनं सायकलवर चाललेला माणूस वळून बघत गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. कैलास फाटकापाशी उभा. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"ताई, मी एक फटका नाही मारला. बुद्धाची शपथ."

मी झाडत राहिले.

"लग्नाच्या कामावरून येऊन राह्यलो होतो, बाजारात अडकलो. नुसता शूट करून राह्यलो होतो. पुरावा पाहिजे ना कोणाले तरी."

"मग पुरावा ठाण्यात काहून नाही नेला? ग्रुपवर काहून टाकला?"

"सगळेच टाकून राह्यले होते."

"ती होती हे तुले दिसत होतं?"

"हौ."

"मग बाजूले सरका काहून म्हणला?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं. मला शपथेवर सांगता येईल, तो खोटं बोलत नव्हता. म्हणाला, "आदत आहे ताई. लग्नात म्हणतो ना, तसंच निघालं तोंडातून."

मी त्याला मारलं. खराट्याच्या दांड्यानं. पहिला तोंडावर बसला, ओठ फुटला. दुसरा कानावर. त्यानं हात वर केले नाहीत, खाली बसला, तरी मी मारत राहिले. पाठीवर, मानेवर. दांडा मोडला तर उरलेल्या तुकड्यानं. मला बरं वाटत होतं, सुजाता. तू गेल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटत होतं. हातात इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि त्यांनी मला मागून मिठी मारून ओढलं. मी आपणहून थांबले नाही, त्यांनी थांबवलं. हे इथे लिहून ठेवते. समोरच्या घराच्या जिन्यावर एकानं फोन वर धरला होता.

कैलास उठला, बाहीनं तोंड पुसलं आणि गेला. त्यानं तक्रार केलेली नाही. केली तर मी जे इथे लिहिलं तेच तिथे सांगेन. त्याच्या मुली रविवारी हॉलमध्ये यायच्या, मागच्या रांगेत बसायच्या. त्या मला त्यानंतर दिसल्या नाहीत.

त्या दिवशी मी कोर्टात गेले नाही. दुपारी दवाखान्यात गेले. तू जिच्यासाठी उतरलीस ती बाई अजून तिथे होती आणि मी तिला एकदाही बघायला गेले नव्हते. खरं सांगू? मला तिचाही राग होता.

बायकांच्या वॉर्डात शेवटची खाट. हात गळ्यात बांधलेला, फासळ्यांना पट्टा, एक डोळा अजून सुजलेला. सून तिला चमच्यानं पेज भरवत होती. बिरशाकडची, जंगलातून चारोळी गोळा करून बाजारी विकणारी. त्या दिवशी गर्दीत रडणाऱ्या एका पोराला तिनं उचललं, त्याची आई शोधायला. एवढंच. लोकांनी हिंदीत चहूबाजूंनी विचारलं, कौन है, कहाँ की है, आणि भीतीनं तिची वाचाच गेली. गप्प आहे म्हणजे चोर आहे.

मी सांगितलं, त्या बाईची मैत्रीण आहे. तिनं चमचा बाजूला सारला. मग तिच्या बोलीत म्हणाली, "झुक के मोर कान में पूछिस, तोर नाव का हे."

म्हणजे तू वाकून तिच्या कानात तिचं नाव विचारलंस. तुला ती बोली येत होती. बिरशाला पाच वर्षं शिकवलंस ना. एवढ्या गर्दीत पहिल्यांदा कोणी तरी तिच्या भाषेत बोललं आणि तिची वाचा परत आली.

"मग?" मी विचारलं.

"मैं बताएंव. फेर ओ खड़ा होइस. सबला चिल्ला-चिल्ला के मोर नाव बताइस."

मला कळलं नाही. क्लिपमध्ये तसं काहीच नव्हतं. मी विचारलं, "आई, तुमचं नाव काय?"

"समारो."

सोमवारी जन्मलेली म्हणून समारो. तिकडच्या खेड्यांत घरोघरी असलेलं नाव. मी नऊ वेळा ऐकलं आणि मला ते ऐकू आलं नाही. भोवती सगळे मारो म्हणत होते, म्हणून मी तुझ्याही तोंडात तेच घातलं. तू नाव सांगत होतीस.

तिथून मी सरळ ठाण्यात गेले. दरोगा जेवायला बसत होता, डबा बंद करून उठला. कानाला मोठे हेडफोन लावले. तिसऱ्यांदा ऐकताना तो 'स' सापडला. आधी मला तो काठीचा सपकारा वाटला होता. "समारो है ये!" थोड्या वेळानं पुन्हा, "समारो!" आणि मग मला आणखी एक गोष्ट दिसली, जी नऊ वेळा डोळ्यांसमोरून गेली होती. तू दुसऱ्यांदा ते नाव घेतेस तेव्हा निळ्या चौकटीवाल्याची काठी वर राहते. तो खाली म्हातारीकडे बघतो. दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत ती कोपरांवर सरपटत भाजीच्या गाड्याखाली जाते. नंतर काठी खाली येते, पण ती तुझ्यावर.

गर्दीनं तुझं भाषण ऐकलं नाही. ते तुलाही माहीत होतं. पण एका माणसाचा हात तू दोन सेकंद थांबवलास. बसमधून का उतरलीस या माझ्या प्रश्नाचं हे उत्तर होतं का, ते मी ठरवू शकत नाही. मला तू हवी होतीस. आजही कोणी विचारलं तर मी म्हणेन, उतरू नको, बसून राहा, खिडकीची काच लावून घे. मी अशीच आहे. तू नव्हतीस.

दरोग्यानं कागद पुढे ओढला आणि नवीन ओळ लिहिली, 'पीड़िता का नाम पुकारा गया.' मी विचारलं, "किसने पुकारा?" त्यानं वर बघितलं, ओळ खोडली आणि लिहिलं, 'मृतका सुजाता ने पीड़िता समारो बाई का नाम दो बार पुकारा.' मला बरं वाटलं. तुलाही वाटलं असतं.

सात जण आत आहेत. निळ्या चौकटीवाला सापडला, तो पाच मुलांचा बाप निघाला. ज्या पोराला समारोनं उचललं, ते त्याचं नव्हतं. खटला उभा राहील तेव्हा फाईल माझ्या टेबलावर येऊ नये म्हणून मी अर्ज दिला आहे. मी साक्षीदार आहे, टाईप दुसरं कोणी तरी करेल.

गेल्या रविवारी हॉल उघडला. मीच उघडला. बावीस माणसं आली. मास्तर म्हणाले, "ती क्लिप एकदा लावून पाहू, कुंदाताई. सुजाताताईंनी लावली असती." हो, तू लावली असतीस. तू म्हणाली असतीस, माझी फुटलेली पाठ दाखवा. मी नाही म्हटलं. मी उभी राहून त्यांना क्लिप तोंडी सांगितली, पहिल्या फ्रेमपासून, चारोळीपासून. कोण कुठून आलं, कोणी काय कुठल्या भाषेत म्हटलं, कॅमेरा धरणारा कुठे उभा होता. पाऊण तास लागला. शिवणकामवाल्या बाई दोनदा बाहेर जाऊन आल्या. तू चिडली असतीस, सांगणं आणि दाखवणं एक नाही म्हणून. नसेल. या बाबतीत आपलं पटणार नाही आणि मी माझं सोडणार नाही.

काल दरोगा समारोचं बयान घ्यायला दवाखान्यात गेला, मला सोबत नेलं. तासभर ती बोलली. तो हिंदीत लिहीत गेला, मी मध्येमध्ये शब्द सांगत गेले. शेवटी त्यानं सगळं वाचून दाखवलं. तिनं डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर ठेवला. सून ओल्या फडक्यानं तो पुसायला लागली. तिनं हात सोडवून घेतला आणि मला जवळ बोलावलं.

"ओ बाई मोर नाव पूछिस," ती म्हणाली. "अपन नाव नइ बताइस. का नाव रहिस ओकर?"

मी सांगितलं.

"सु-जा," ती म्हणाली आणि अडली. सुजलेल्या ओठांना ते नीट जमेना. मी पुन्हा सांगितलं, हळू, अक्षर तोडून. तिनं डोळे मिटून मनाशी म्हणून पाहिलं, मग मोठ्यानं म्हटलं. या वेळी पूर्ण आलं.